यानिनाची वही : साक्षीदाराचे वय वर्षे बारा

युद्धकाळात ज्यू मुलीने लिहून ठेवलेली नोंद म्हटली, की मराठी वाचकाच्या ओठी एकच नाव येते : ॲन फ्रँक. त्यात वावगे काही नाही. मात्र ॲनची अखेरची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे आणि तिच्या कुटुंबाला अटक झाली ती ४ ऑगस्टला. दारावर थाप पडण्यापूर्वीच ती रोजनिशी थांबते. छळछावणी त्या पानांत नाही. असूही शकत नव्हती.

त्या दाराच्या पलीकडे जाऊन आलेली एक वही आहे. तिच्याकडे जगाने अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

यानिना हेशेलेसचा जन्म जानेवारी १९३१ चा, ल्वुव शहरातला. (आजचे युक्रेनमधील ल्वीव, तेव्हा ते पोलंडमध्ये होते.) वडील हेन्रिक हे 'ख्विला' या पोलिश भाषेतील ज्यू दैनिकाचे संपादक. ३० जून १९४१ रोजी जर्मन फौजा शहरात शिरल्या आणि लगोलग ज्यूंना घराघरांतून ओढून काढून मारण्याचे सत्र सुरू झाले. त्यात हेन्रिक यांचा बळी गेला. यानिना तेव्हा दहा वर्षांची होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये एकट्या ल्वुवमधून चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना बेउझेत्सच्या विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेण्यात आले. १९४३ च्या जूनमध्ये घेट्टोही संपवण्यात आला. त्याच वर्षी आईने विष घेऊन स्वतःचा शेवट केला. मुलीने मात्र जगावे, असा तिचा आग्रह होता. यानिना यानोव्स्का छावणीत आली.

यानोव्स्का ही नावापुरती श्रमछावणी होती. कारखान्यात राबवायचे आणि राबण्याजोगे उरले नाही की गोळी घालायची, असा तिथला क्रम. कैद्यांचा एक वाद्यवृंदही होता. माणसे मरणाकडे नेली जात असताना त्याला वाजवायला लावत. १९४३ च्या उन्हाळ्यापासून तिथे आणखी एक काम सुरू झाले. पूर्वी पुरलेली प्रेते कैद्यांकडूनच उकरून जाळायची, हाडे दळायची, राख चाळायची. पुरावा म्हणून काहीही मागे उरू नये, हा त्यामागचा हेतू.

हे ध्यानात घेतल्याशिवाय यानिनाच्या वहीचे मोल कळत नाही. प्रेते जाळली जात होती त्याच महिन्यांत, त्याच कुंपणाआड एक मुलगी सारे काही मनात साठवत होती.

ती कविता रचत असे आणि बराकीत बायकांना म्हणून दाखवत असे. त्यांची कीर्ती मिखाऊ बोरविच या लेखक-कैद्यापर्यंत पोचली. ज्यूंच्या मदतीसाठी काम करणारी 'झेगोता' ही गुप्त संघटना तेव्हा क्राकूवमध्ये कार्यरत होती. तिच्या साहाय्याने आधी बोरविच सुटले, आणि मग ऑक्टोबर १९४३ मध्ये यानिनाला बाहेर काढण्यात आले. नोव्हेंबरमध्ये छावणीतील उरलेल्या कैद्यांचीही कत्तल झाली. (कविता न करणाऱ्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे.)

क्राकूवमध्ये तिला लपवणाऱ्यांत मारिया होखबेर्ग-मारियान्स्का होत्या. त्या स्वतः ज्यू, खोट्या कागदपत्रांवर वावरणाऱ्या. सुटकेनंतर काही आठवड्यांतच यानिनाच्या हाती वही आणि पेन्सिल देण्यात आली. क्राकूववर जर्मनांचा ताबा जानेवारी १९४५ पर्यंत टिकला. ती वही झडतीत सापडली असती तर घरातले कोणीही वाचले नसते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो : हे लेखन मोठ्यांच्या सांगण्यावरून झाले, आणि बारा वर्षांच्या पोरीला इतिहासातले काय कळणार? पहिला भाग खरा आहे. पण लिही म्हणून सांगणे वेगळे आणि काय लिहायचे ते सांगणे वेगळे. न्यायालयातला साक्षीदार तरी बोलावल्याशिवाय कुठे बोलतो?

दुसरा भाग अर्धाच खरा आहे. बर्लिनमध्ये कोणते आदेश निघाले, कोणत्या गाडीत किती माणसे कोंबली, हे यानिनाला माहीत नव्हते. त्यासाठी कोणी तिची वही उघडूही नये. मात्र कोणी दार उघडले आणि कोणी लावून घेतले, हे लहान मुलाइतके नेमके कोणाला कळते? शिवाय प्रौढांच्या बहुतेक आठवणी युद्धाचा निकाल माहीत झाल्यावर लिहिल्या गेल्या. यानिना लिहीत होती तेव्हा जर्मनी हरेल की नाही, आपण उद्या जिवंत असू की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या पानांत 'अखेर सारे संपले' असा सुटकेचा सूर नाही, तो याच कारणाने. पुढे स्मृतीवर चढत जाणारे थरही तिथे नाहीत.

ही गोष्ट तत्कालीन ज्यू अभ्यासकांना नेमकी उमगली होती. पोलंडमधील केंद्रीय ज्यू ऐतिहासिक आयोगाने १९४६ मध्ये क्राकूवला ही वही छापली. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी'. त्याच वर्षी त्याच आयोगाने बेउझेत्समधून निसटलेल्या रुडोल्फ रेडर यांची साक्षही प्रसिद्ध केली. उतारवयातला कारखानदार आणि शाळकरी पोर, दोघांना आयोगाने एकाच पंक्तीत बसवले. पुढच्याच वर्षी वाचलेल्या मुलांच्या साक्षींचा स्वतंत्र संग्रह निघाला. त्याचे शीर्षकच 'मुले आरोप करतात' असे होते. ॲनची रोजनिशी डच भाषेत आली तीही १९४७ सालीच.

मग एक वही जगभर गेली आणि दुसरी अभ्यासकांच्या कपाटात राहिली, असे का? पोलिश भाषा हे एक कारण. दुसरे कारण वाचकांना रुचणारे नाही. ॲनच्या पानांत आशेला जागा आहे आणि मृत्यू पानांबाहेर घडतो. यानिनाच्या पानांत मृत्यू प्रत्यक्ष आहे आणि लिहिणारी जिवंत राहते. तिच्यासाठी हळहळून पुस्तक मिटता येत नाही. ती समोर उभी राहून पाहत असते.

१९५० मध्ये ती इस्रायलला गेली, रसायनशास्त्रज्ञ झाली आणि हैफा येथे स्थायिक झाली. २०२२ मध्ये तिचे निधन झाले.