सापडलेल्या लेकराचा फोटो

मूल हरवलं की गावाने काय करावं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. सापडल्यावर काय करावं, यावर मात्र कुणी बोलत नाही. सापडलं ना, मग झालं, असं सगळेच धरून चालतात. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावात हरवल्याचा निरोप घरोघर पोचायला आता दवंडी लागत नाही. फोटो, अंगावरचे कपडे, शाळेचं नाव, बापाचा मोबाईल नंबर आणि खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. एवढं झालं की गिरडपासून हिंगणघाटपर्यंत प्रत्येक ग्रुपवर तेच चित्र. हे चांगलंच आहे आणि इथे त्याची गरजही आहे. जवळच्या जामच्या चौरस्त्यावर नागपूरहून आलेला रस्ता फुटतो, एक हैदराबादकडे जातो, एक चंद्रपूरकडे. तिकडे सेवाग्राम जंक्शनवर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग एकत्र येतात. घरून रागावून निघालेलं पोरगं जामला एखाद्या गाडीत बसलं, तर संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या राज्यात असू शकतं. तेव्हा शोधाची घाई रास्त आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लेकरू परत आल्यावर सुरू होणाऱ्या कार्यक्रमाबद्दल.

तो कार्यक्रम सगळीकडे सारखाच असतो. पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर मधोमध मूल, दोन्ही बाजूंना खांद्यावर हात ठेवलेली मोठी माणसं, समोर पाच-सात मोबाईल. कुणी हार आणतं, कुणी पेढा भरवतं, आणि पेढा तोंडात अर्धा असतानाच व्हिडिओ सुरू होतो. मूल कॅमेऱ्याकडे बघत नाही, म्हणून कुणीतरी हनुवटी धरून त्याचा चेहरा वर करतं. मग प्रश्न. मुलगा असेल तर "कुठी गेलता बे?", मुलगी असेल तर "कोनासंग गेलती?" हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण तो मायेने विचारतोय अशी त्याची स्वतःची समजूत असते. संध्याकाळपर्यंत गावाचे दोन तट पडतात. एक म्हणतो मायबापाचं लक्षच नव्हतं, दुसरा म्हणतो यात काहीतरी काळंबेरं आहे. ज्याच्यासाठी सगळे धावले त्या लेकराला मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं. तिथे त्याचं नवीन नाव तयार असतं.

मूल सापडण्याचा आनंद खरा असतो, हे मला मान्य आहे. पण त्या आनंदात आपण ज्या दोन गोष्टी हमखास करतो, म्हणजे फोटो फिरवणं आणि खुलासा मागणं, त्या दोन्ही मुलाच्या मुळावर येणाऱ्या आहेत, आणि त्यातली पहिली तर कायद्यानेही गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात हरवलेलं किंवा पळून गेलेलं मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत येतं. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील वर्तमानपत्रात किंवा अन्य कोणत्याही संपर्क माध्यमातून उघड करता येत नाही. बालकाच्या हिताचं असेल तर बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ लेखी कारण नोंदवून परवानगी देऊ शकतं, एवढाच अपवाद. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूल सापडेपर्यंत फोटो फिरवण्यामागे मुलाचं हित असतं, हे कुणीही समजू शकतं. सापडल्यावर त्याच फोटोतून कुणाचं हित साधतं? फोटोत शेजारी उभ्या असलेल्यांचं साधत असेल कदाचित.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: फोटो तर आधीच हजारो मोबाईलमध्ये गेलाय, आता झाकून काय उपयोग? या उत्तरात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. प्रयागराजच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ मध्ये 'भुले-भटके शिबिर' सुरू केलं. तिथे हरवलेल्यांची नावं भोंग्यावरून पुकारत. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं लाखो लोकांच्या कानावर पडे. आपल्याकडच्या यात्रांतही हेच चालतं. पण भोंग्यावरचा आवाज मूल आईच्या कडेवर गेलं की थांबतो आणि मेळा उठला की कुणाच्या लक्षातही राहत नाही. फोनवरचा निरोप असा थांबत नाही. हरवल्याचा निरोप जितक्या लोकांना जातो, त्याच्या पासंगालाही सापडल्याचा निरोप पुरत नाही. म्हणून वर्षभराने कुठल्यातरी दूरच्या ग्रुपवर तेच लेकरू पुन्हा हरवतं, बापाचा फोन पुन्हा वाजतो. निरोप इतका पसरलाय म्हणूनच तो परत घेण्याची जबाबदारी पसरवणाऱ्याची. निदान आपल्या हातचा मजकूर पुसावा, ग्रुपवर 'सापडलं, फोटो काढून टाका' एवढं लिहावं, आणि नवा फोटो तर मुळीच टाकू नये. यासाठी ना निधी लागतो, ना ठराव.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुलासा नको म्हणता, मग मूल का गेलं हे कळणार कसं? आईबापांना दोन शब्द सुनावले नाहीत तर बेफिकिरी वाढेल, असं बऱ्याच जाणत्या माणसांनाही मनापासून वाटतं. त्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे जरा बघावेत. २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यात मुली ६२,९४६, मुलगे २०,३८० आणि तृतीयपंथी २४. म्हणजे दर चारांमागे तीन मुली. गर्दीत आईचा हात सुटणं हे हरवण्याचं मुख्य कारण असतं, तर मुली-मुलांत एवढी तफावत दिसली नसती, कारण गर्दी मुलगा-मुलगी बघत नाही. हरवणं म्हणजे यात्रेत चुकणं, हे आपल्या डोक्यातलं चित्र जुनं झालं आहे. कळत्या वयाच्या मुली घर सोडतात त्यात लग्नाची घाई असते, प्रेम असतं, घरातला मार असतो, कुणी दाखवलेलं आमिष असतं, कधी नुसती परीक्षेची धास्ती असते. यातली कुठलीही गोष्ट ठाण्याच्या पायऱ्यांवर चारचौघांत सांगण्यासारखी नाही. ती विचारण्याची जागा कायद्याने ठरवलेली आहे. असं मूल चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे नेलं जातं. ही समिती जिल्ह्याजिल्ह्यात असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. मूल कशाला कंटाळून गेलं आणि त्याच घरी परत पाठवणं सुरक्षित आहे का, हे त्यांनी बघायचं असतं. समित्यांची कामं नेहमीच झकास चालतात असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण समिती कमी पडते म्हणून तिचं काम पानटपरीने करावं, हा काही मार्ग नव्हे.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. त्याच वर्षी देशात ८०,५६१ मुलं सापडली, त्यांत आधीच्या वर्षांत हरवलेलीही होती. म्हणजे परत येणं हा अपवाद नाही, बहुतेक मुलं परत येतात. त्यांच्यातली कितीतरी स्वतःच फोन करतात, स्वतःच एखाद्या रेल्वे पोलिसाजवळ जाऊन उभी राहतात. पंधरा वर्षांची पोर नागपूरच्या फलाटावर बसून घरी फोन करावा की न करावा याचा विचार करत असते, तेव्हा आई किती मारेल एवढाच हिशेब तिच्या मनात नसतो. मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीतली पोर परत आली तेव्हा गाव काय बोललं, हे तिने ऐकलेलं असतं. त्या वेळी ती गर्दीत मागे उभी होती, तोही व्हिडिओ तिने पाहिलेला असतो. परत आलेल्या एका मुलाशी आपण कसे वागतो, यावर पुढचं मूल परत येणार की नाही हे काही अंशी ठरतं. दोन शब्द सुनावल्याने आईबापांची बेफिकिरी घटते की नाही मला ठाऊक नाही. फोन करणाऱ्या पोरीचा हात मात्र त्याने नक्कीच आखडतो.

गावाच्या प्रतिक्रियेचा तिसरा भाग याहून वाईट, तो म्हणजे चोराचा शोध. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असं गृहीत धरून तपास सुरू करायचा. आदेश अत्यंत योग्य होता. त्याआधी 'येईल दोन दिवसांत' म्हणून आईबापांना ठाण्यातून परत पाठवलं जाई. पण त्याचा एक आडपरिणाम झाला. पोरगं मावशीकडे जाऊन बसलेलं असलं तरी कागदावर ते अपहरणच असतं, आणि दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळाही तोच. मूल मावशीकडे सापडल्याची बातमी येतच नाही किंवा आतल्या पानावर चार ओळींत येते. वाचणाऱ्याच्या मनात राहते ती टोळी, जी कधी नव्हतीच. मग भंगारवाला, भिक्षेकरी, खेळणी विकणारा, पालावरचा माणूस, जो ओळखीचा नाही तो प्रत्येक जण त्या टोळीतला.

याचा शेवट कुठे होतो ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. पोटासाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. एका लहान मुलीशी बोलले, हे निमित्त पुरलं. त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून पळतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत पुढच्याच क्षणी तो मोटारसायकलवाला परत येतो, पोराला सोडतो आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो ते सांगणारा फलक दाखवतो. भारतात फिरली त्या फितीतून नेमका हा शेवट कापलेला होता. कापणारा कोण ते कळणं अवघड, पण आपण सगळेच थोड्याफार फरकाने हेच करतो. हरवल्याचा भाग पुढे पाठवतो, परत आल्याचा नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. माणसाचा हात आवरत नाही म्हणून यंत्राला आवरावं लागलं.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत सबळ उदाहरण मीच देतो. २२ जानेवारी २०१३ ला अंधेरीतून सात वर्षांची एक मुलगी शाळेत जाताना नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींचा तपास होता. १६५ सापडल्या, ही राहिली. भोसले २०१५ ला निवृत्त झाले, पण शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची होऊन, स्वतःच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. तिच्यासोबत घरकाम करणाऱ्या एका बाईने इंटरनेटवर शोध घेतला आणि २०१३ चं जुनं पोस्टर समोर आलं. म्हणजे मी म्हणतो तसं सगळं पुसून टाकलं असतं तर? तर ती सापडली नसती. आक्षेप बिनतोड दिसतो, पण नीट बघा: ते पोस्टर तिथे होतं, कारण ती सापडलेली नव्हती. सापडेपर्यंत निरोप जपायचा, सापडल्यावर मागे घ्यायचा. आपण नेमकं उलट करतो. चार दिवस गाजवून न सापडलेल्यांना विसरतो, आणि सापडलेल्यांना जन्मभर लक्षात ठेवतो. भोसलेंच्या यादीतल्या त्या १६५ जणी कोण, कुठे, कशा आहेत, तुम्हाआम्हाला काही ठाऊक नाही. फार बरं आहे.

या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे, तो चौकाचौकांत पोस्टर लावणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असा. त्या जुन्या पोस्टरवर पाच फोन नंबर होते. नऊ वर्षांनी त्यातला एकच लागला, तो एका शेजाऱ्याचा. बाकीचे बंद. आपल्याकडच्या निरोपांवर काकाचा, मामाचा, ग्रुप चालवणाऱ्याचा मोबाईल असतो, आणि ते नंबर सिमकार्ड बदललं की गेले. त्याऐवजी पहिला नंबर ठाण्याचा असावा, मग १०९८ आणि ११२, खाली तारीख आणि गुन्हा क्रमांक. मूल सापडलं आहे की नाही याची खात्री कुणालाही, कधीही, बापाला फोन न करता करता येईल. आणि पोरगी घरी पोचलेली असेल, तर ठाण्यातल्या माणसाने एवढंच सांगावं: सापडली, आता तो निरोप पुसून टाका.