दंड कोणाच्या खात्यात?

लग्नपत्रिका मराठीत छापलेली असो की कन्नडमध्ये, माथ्यावर ‘॥ श्री ॥’ हवेच. ‘श्री’ प्रत्येकाच्या लिपीतले, पण बाजूच्या उभ्या रेघा, म्हणजे दंड, संगणकाच्या लेखी एकच! युनिकोडच्या यादीत एकेरी दंडाचा क्रमांक ०९६४, दुहेरीचा ०९६५. दोन्ही देवनागरीच्या खात्यात. कन्नड, तेलुगू, बंगालीने तिथूनच घ्यायचे. आपल्याकडे शेजारून विरजण आणतात, तसेच हे.

मोडीचे मात्र निराळे. अंशुमन पांडे यांनी मांडलेल्या प्रस्तावावरून २०१४ साली ती युनिकोडमध्ये आली, ती स्वतःचे दंड घेऊन: ११६४१ आणि ११६४२. शब्द आखडून लिहिल्याची खूणही वेगळी मिळाली. सिक्कीम-दार्जिलिंगकडची लेपचा लिपी २००८ मध्ये अशीच आपली विरामचिन्हे घेऊन यादीत बसली होती.

एवढ्याशा रेघेचा घोळ कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आपल्या भागात कित्येकांच्या ट्रंकेत आजही मोडी कागद आहेत, खरेदीखते, वाटणीपत्रे. मोडीत आधी ओळ आखायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जायचे. वाक्य कुठे संपले हे वाचणाऱ्याने ओळखायचे. विहिरीवरचा हक्क थोरल्याचा की धाकट्याचा, हे कधी कधी त्यावरच ठरते.

माझ्या आतेभावाने असे एक वाटणीपत्र टंकून पाठवले. दंडाऐवजी त्याने कळफलकावरची साधी उभी रेघ दाबली होती. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाला कळतो. दंड शोधायला सांगितले तर एकही सापडेना. शिवाय अक्षरे जुन्या फाँटची, देवनागरीवर मोडीचा नुसता अंगरखा चढवलेली. माझ्या फोनवर अंगरखा उतरला आणि मोडीची देवनागरी झाली!

आता मोडीचे युनिकोड फाँट मिळतात, नोटो सान्स मोडी त्यांपैकीच. आत्याला म्हटले, “अक्का, मोडी प्रत मोडीच्याच दंडांनी होऊ दे, शेजारी बाळबोध प्रत ठेवूया.” पण मूळ कागदावर दंड नाही तिथे मोडी प्रतीत तो घालायचा नाही, यावर मी अडून बसलो. बाळबोध प्रतीत घाला, हवे तर कंसात. आतेभावाला ते पटलेले नाही. त्याच्या मते तिसऱ्या ओळीत दंड आहे. मला तो शाईचा ओघळ वाटतो. मूळ कागदाचा मोठा फोटो काढायचे ठरले आहे.