चिठ्ठी उचला, मग निकाल सांगा!



समजा, एका मुलाला पहिल्या चाचणीत गणितात २५ पैकी ९ गुण पडले. आईनं बाजारातून 'बुद्धी वाढवणारं' औषध आणलं. बाळराजे रोज सकाळी दोन चमचे प्यायले. पुढच्या चाचणीत १५ गुण! घरात आनंदी आनंद. शेजारच्या काकूंनीही लगेच बाटली मागवली.

आता सांगा बरं, गुण कशानं वाढले? औषधानं? की कमी गुण पाहून आई रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसू लागली म्हणून? की दुसरा पेपरच सोपा होता? 'आता मी हुशार होणार' असं वाटून त्याला धीर आला, असंही असेल. एकट्या मुलाकडे बघून खरं कारण कळायचं नाही.

मग कळायचं कसं? चला, आधी शेतावर जाऊ.

आमच्या कामठ्याच्या आसपास धानाची शेती. शेतकऱ्यानं नवं खत टाकलं आणि पीक जोरात आलं, तर तो गुण खताचा की पावसाचा? जाणता शेतकरी एका बांधीत खत टाकतो, दुसरीत टाकत नाही. बाकी सगळं सारखं : तेच बियाणं, एकाच दिवशी रोवणी, तेवढंच पाणी. मग दोन्हींतलं धान मोजतो. पण थांबा! खताची बांधी मुळातच जास्त कसदार असली तर? म्हणून बऱ्याच बांध्या घ्यायच्या आणि खत कुठं टाकायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चिठ्ठी कुणाची बाजू घेत नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ही रीत नीट घालून दिली.

माणसाचं मन आणि वागणं अभ्यासणाऱ्या शास्त्राला मानसशास्त्र म्हणतात. तिथंही हीच रीत वापरतात. ज्यांना नवी गोष्ट मिळते तो 'प्रायोगिक गट'. ज्यांना ती मिळत नाही, पण बाकी सगळं सारखंच असतं, तो 'नियंत्रित गट'. फरक दिसतो तो दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवल्यावर.

असाच एक मोठा प्रयोग आपल्या मुंबईत झाला, बरं का! महापालिकेच्या शाळांत काही मुलं तिसरीत गेली तरी त्यांना नीट वाचता येत नव्हतं, साधी बेरीज जमत नव्हती. अशा मुलांना आपण पटकन काय म्हणतो? 'ढ'! एकदा हा शिक्का बसला की पोर हात वर करायचंच सोडून देतं.

'प्रथम' या संस्थेनं या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे बहुधा त्याच वस्तीतली, शाळा शिकलेली तरुण ताई. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळं बसवायची आणि जिथं त्यांचं अडलं होतं तिथूनच शिकवायची. पण याचा उपयोग होतो की नाही, हे कोण सांगणार? ते तपासलं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ही मंडळी अर्थशास्त्रातली, पण प्रश्न मुलांच्या शिकण्याचा होता. बॅनर्जींचा जन्म मुंबईचाच आणि त्यांची आई मराठी!

२००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात हा प्रयोग झाला. कोणत्या शाळेत बालसखी कोणत्या इयत्तेला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. काही शाळांत ती एका इयत्तेला मिळाली, बाकीच्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. म्हणजे तुलनाही झाली आणि कोणतीच शाळा रिकाम्या हातानं राहिली नाही!

निकाल काय लागला? बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण वाढले, आणि पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त वाढले. सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात मागे असलेल्यांचा. आणखी एक गंमत पाहा. ही मुलं ताईकडे गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली होती. तरी तिथं उरलेल्या मुलांचे गुण काही वाढले नाहीत. म्हणजे नुसती गर्दी कमी होऊन भागलं नाही, फरक पडला तो त्या ताईच्या शिकवण्यानं. मात्र बालसखी थांबल्यावर वर्षभरात हा फायदा बराच ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अशा प्रयोगांच्या रीतीबद्दलच अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

असा खऱ्या शाळेत, खऱ्या गावात केलेला तो 'क्षेत्रीय प्रयोग'. बंद खोलीत, आवाज-उजेड सगळं ताब्यात ठेवून केलेला तो 'प्रयोगशाळेतला प्रयोग'. आणि कधी कधी गट आपण पाडत नाही, परिस्थितीच पाडते. एका गावात वीज आधी येते, दुसऱ्यात उशिरा. तो 'नैसर्गिक प्रयोग'.

करून पाहा

धडा पुन्हा पुन्हा वाचून जास्त लक्षात राहतो, की पुस्तक मिटून आठवल्यानं?

१. वीस मित्र जमवा. ज्याला नको असेल त्याला आग्रह नको. चिठ्ठ्या टाकून दहा-दहाचे दोन गट पाडा. 'हुशार इकडे, बाकीचे तिकडे' असं मुळीच करायचं नाही!

२. सगळ्यांना एकच नवा उतारा द्या. पहिल्या गटानं तो दहा मिनिटं पुन्हा पुन्हा वाचायचा. दुसऱ्यानं पाच मिनिटं वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि उरलेली पाच मिनिटं आठवेल तेवढं वहीत लिहायचं.

३. आठ दिवसांनी दोघांनाही तेच दहा प्रश्न विचारा. कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. तपासणाऱ्याला गट माहीत नसावा.

ते का? शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा! १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर घोडाही चुकतो. उत्तर जवळ आलं की माणसाची मान किंचित हलायची आणि हान्स तेवढं बघून थांबायचा. आपल्याही नकळत आपण असे इशारे देत असतो.

४. दोन्ही गटांची सरासरी काढा. मग जी रीत सरस ठरेल ती दोन्ही गटांना सांगा.

उत्तर मी आत्ता सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तेच शोधत बसाल!

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. 'आमच्या बंड्याला फरक पडला' अशी जाहिरात दिसली की आधी विचारा, ज्यांनी हे घेतलं नाही त्यांचं काय झालं? आणि पोराला 'ढ' म्हणण्याआधी त्याचं नेमकं कुठं अडलंय, ते त्याच्याजवळ बसून बघा.

तुमचे आकडे पत्रानं कळवा हं. दोन्ही गट सारखेच निघाले तरी कळवा, तोही निकालच असतो.

तुमची,
कामठ्याची बाई