कशावरून?



विहारात माणसे आणि खुर्च्या सारख्याच आहेत का, हे न मोजताही कळते. प्रत्येकाला वेगळी खुर्ची मिळाली आणि एकही खुर्ची उरली नाही की झाले.

पण जे मोजून संपतच नाही त्याचे काय? १, २, ३ या पूर्ण संख्या जास्त की अपूर्णांक?

वहीत मांडून पाहा. १ ला १/१, २ ला २/१ द्या. प्रत्येक संख्येला वेगळा अपूर्णांक मिळाला. म्हणजे संख्या जास्त नाहीत. आता उलट. पाव म्हणजे १/४ घ्या. वर १, म्हणून २ एकदा. खाली ४, म्हणून ३ चार वेळा. सर्वांचा गुणाकार १६२. अवयव पाडले की पुन्हा १/४ च सापडतो. अतिसंक्षिप्त रूपातल्या प्रत्येक अपूर्णांकाला अशी वेगळी संख्या मिळते. म्हणजे अपूर्णांकही जास्त नाहीत.

दोन्ही जुळण्या वेगळ्या. तरी त्यांतून एकास एक अशी पूर्ण जुळणी होतेच का? होते, असे जर्मनीतील गणिती कँटर यांनी सांगितले होते. पण सिद्धता दिली नव्हती. १८९७ साली त्यांच्याच वर्गातील १९ वर्षांच्या फेलिक्स बर्नस्टाइनने ती दिली.

गुरू सांगतात म्हणून मानू नका, पारखून घ्या, हेच तथागतांनी कालामांना सांगितले. म्हणून पालकहो, मुलाने "कशावरून?" विचारले तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर वही घेऊन बसा.

आता पाऊण म्हणजे ३/४ ची संख्या काढा. (उत्तर : ६४८)