कुलूपबंद गल्ली

अहमदाबादच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, सरस्वती नदीच्या काठी सिद्धपूर आहे. आईचं श्राद्ध करायला दूरदूरचे हिंदू भाविक इथल्या बिंदुसरोवरावर येतात. मी गेलो होतो त्याच गावातला वोहरवाड, म्हणजे दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांची जुनी वस्ती पाहायला.

सरळ रस्ते आणि दोन्ही बाजूंना एकाला एक खेटून उभे असलेले उंच वाडे. फिकट गुलाबी, हिरवे, निळे. साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. परमुलखात व्यापार करून आलेल्या पैशातून उभे राहिलेले. खांब आणि नक्षी युरोपीय थाटाची, पण आत गेलं की गुजराती घराचा चौक. ‘आपलं’ आणि ‘परकं’ अशी वाटणी करणाऱ्यांनी इथे रेघ ओढून दाखवावी!

मी भराभर फोटो काढत सुटलो. मग लक्षात आलं, बहुतेक दारांना कुलपं आहेत. मालक मुंबईत, नाहीतर परदेशात. काही वाडे पाडलेही गेले आणि त्यांचं कोरीव लाकूड जुन्या वस्तूंच्या बाजारात विकलं गेलं. जे उरलंय, ते कुणीतरी लांब राहूनही डागडुजीचा खर्च सोसतंय म्हणून.

आपल्याकडे मुस्लिम वारशाचा विषय निघाला की गाडी सुलतान, किल्ले आणि मकबऱ्यांवरच अडते. त्यावरून आपण सोशल मीडियावर तावातावाने भांडतो. पण व्यापारी, विणकर, गवंडी यांची घरं? ती पाडायला कुणी दुश्मन यावा लागत नाही. वाटण्या होतात, बिल्डर येतो, आपणच सही करतो.

हे मी स्वतःला सांगतोय. गिरणाकाठच्या आमच्या नानीचं घर दोन वर्षांपूर्वी पाडलं. ते कुणी बांधलं, ओसरीचं लाकूड कुठून आलं, मी कधी विचारलंच नाही. सिद्धपूरच्या अनोळखी दारांचे शंभरावर फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत. नानीच्या दाराचा एकही नाही.

प्रत्येक जुनं घर वाचणार नाही, हे मला कळतं. माणसांना संडास, पाणी, ऐसपैस खोल्या हव्यात. पण घराची हकीकत तरी वाचवता येते. येत्या ईदला गावी जाल तेव्हा शीरखुर्मा झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, ‘हे घर कुणी बांधलं?’

विचारायला कुणी उरलंय, तोवरच.