डिजिटल हक्कांची संघटना कोणाच्या बळावर?

२० जानेवारी २०२५ रोजी सत्तेची सूत्रे हाती घेताच अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशांना दिली जाणारी विकास-मदत ९० दिवसांसाठी स्थगित केली. या एका आदेशाने आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील ज्या असंख्य संस्थांचे पाय लटपटले, त्यांत नागरिकांच्या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थाही होत्या. सरकारी टेहळणीविरुद्ध, इंटरनेट-बंदीविरुद्ध आणि मक्तेदार कंपन्यांच्या मनमानीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या अनेक संस्थांचा शिधा जगातील सर्वात मोठ्या टेहळणीखोर राज्यसंस्थेच्या कोठारातून येत होता, हा अंतर्विरोध त्या दिवशी उघडा पडला. अशा संस्थांपुढे आता पुनर्रचनेचा प्रश्न आहे. किती माणसे कमी करावीत आणि कोणते कार्यालय बंद करावे एवढाच त्याचा अर्थ लावला, तर मूळ दुखण्याला हातच लागणार नाही. संघटनेच्या रचनेचा प्रश्न हा नेहमीच राजकीय प्रश्न असतो.

या क्षेत्रातील सर्वात जुन्या आणि नामवंत संस्थांपैकी एक असलेल्या 'इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन'चा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील ऑस्टिन येथील एका लहानशा खेळ-प्रकाशन कंपनीवर छापा घालून संगणक जप्त केले; इतरांची न वाचलेली पत्रेही त्या संगणकांत होती. अशा छाप्यांच्या पार्श्वभूमीवर त्याच वर्षी जुलैमध्ये मिच केपॉर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिल्मोर यांनी ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या पाठिंब्यावर लढल्या गेलेल्या त्या खटल्यात १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारविरुद्ध निर्णय दिला. प्रारंभ आशादायक होता.

परंतु त्याच १९९३ साली संस्थेची पहिली मोठी पुनर्रचना झाली. केंब्रिज येथील मुख्यालय बंद करून संस्थेचे केंद्र वॉशिंग्टनला हलवण्यात आले आणि कारभार जेरी बर्मन यांच्याकडे सोपवण्यात आला. गावोगावी शाखा उभारण्याची जी कल्पना पुढे आली होती ती बाजूला पडली. सभासदांच्या चळवळीऐवजी संसदसदस्यांच्या दालनांतील वाटाघाटी हे कामाचे मुख्य क्षेत्र ठरले आणि दूरसंचार व संगणक कंपन्यांच्या देणग्यांचे महत्त्व वाढले. कायदा जिथे घडतो तिथे आपण असले पाहिजे, असा यामागचा युक्तिवाद होता. तो वरवर पाहता गैर नव्हता.

या युक्तिवादाची कसोटी १९९४ मध्ये लागली. प्रत्येक दूरध्वनी कंपनीने आपली यंत्रणा पोलिसांना संभाषण ऐकता येईल अशाच पद्धतीने उभारावी, अशी सक्ती करणारे विधेयक अमेरिकन संसदेपुढे आले. ते रोखता येणार नाही, तेव्हा निदान काही संरक्षक कलमे पदरात पाडून घ्यावीत, या भूमिकेतून संस्थेच्या वॉशिंग्टन कार्यालयाने तडजोडीच्या वाटाघाटी केल्या. इंटरनेट सेवा कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. जुनी यंत्रसामग्री बदलण्यासाठी कंपन्यांना ५० कोटी डॉलरपर्यंत सरकारी भरपाईची तरतूद झाली. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. संस्थेत आणि तिच्या समर्थकांत संतापाची लाट उसळली. वर्षअखेरीस बर्मन बाहेर पडले आणि त्यांनी 'सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी' ही वेगळी संस्था काढली. मूळ संस्थेने १९९५ मध्ये राजधानी सोडून सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली.

तडजोडीचा हिशेब काळाने केला. २००५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तोच कायदा ब्रॉडबँड आणि इंटरनेटवरील दूरध्वनी सेवांना लागू केला. जी सवलत मिळवल्याचे समाधान मानले गेले होते तिला अकरा वर्षांत भगदाड पडले. पोलिसांसाठी ठेवलेले दार केवळ पोलिसांपुरते राहत नाही, हेही पुढे दिसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी उघड केले की, परदेशी हेरगिरी करणारे गट बड्या दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यांत शिरले असून कायदेशीर टेहळणीसाठी उभारलेली यंत्रणाही त्यांनी गाठली होती. याच्या उलट, राजधानीतून बाहेर पडलेल्या संस्थेने सभासदांच्या वर्गणीचा आधार वाढवला, सांकेतिक लेखनावरील निर्बंधांविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि २००६ मध्ये एटी अँड टी या बलाढ्य कंपनीवर बेकायदा टेहळणीत साह्य केल्याचा खटला भरला. २००८ मध्ये अमेरिकन संसदेने कंपन्यांना पूर्वलक्षी संरक्षण देऊन तो खटला निष्प्रभ केला, ही गोष्ट वेगळी. पण कंपन्यांच्या मदतीवर कंपनीविरुद्ध लढता आले असते काय, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

या अनुभवाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. बार्लो यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दाव्होस येथून सायबर-विश्वाच्या स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा प्रसृत केला, त्यात सरकारांना दूर राहण्याचे बजावले होते. भांडवलाला मात्र तसे बजावले नव्हते. सरकारचा हात रोखला की स्वातंत्र्य आपोआप नांदेल, हा उदारमतवादी भ्रम होता. पुढच्या तीन दशकांत त्या मोकळ्या मैदानावर मूठभर मक्तेदार कंपन्यांनी कुंपणे घातली. राज्यसंस्था आणि मक्तेदारी भांडवल यांची टेहळणी ही एकाच यंत्रणेची दोन चाके आहेत. एकाविरुद्ध लढताना दुसऱ्याकडे काणाडोळा करणारी संघटना कितीही वेळा पुनर्रचित केली तरी अपुरीच राहणार.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप अधिकच उग्र आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल पालघर येथील दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाला त्यातून देशभर कुप्रसिद्धी मिळाली ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्याआधी मे २०१२ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार पी. राजीव यांनी इंटरनेटवरील मजकुराचे नियंत्रण करणारे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव राज्यसभेत मांडला होता. २०१५ मध्ये लाखो नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे पत्रे पाठवली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने भेदभावाच्या दरांना मनाई केली. फुकट इंटरनेटच्या नावाखाली गरिबांना आपल्या कुंपणात कोंडण्याचा फेसबुकचा डाव त्यामुळे फसला. याच चळवळीतून २०१६ मध्ये 'इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन' ही संस्था उभी राहिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य झाला. जिथे न्यायालयीन लढ्याला जनतेच्या दबावाची जोड मिळाली तिथे यश आले, हा या घटनांचा अर्थ आहे.

तरीही काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून संपर्क तोडला गेला आणि वेगवान मोबाईल इंटरनेट परतण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडले. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांचे इंटरनेट तोडण्यात आले. नागपूर, चंदीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली गेली. २०२३ चा दूरसंचार कायदा करताना टेहळणीचे आणि बंदीचे जुने वसाहतकालीन अधिकार नव्या वेष्टनात कायम ठेवले गेले. या आघातांचे पहिले लक्ष्य कष्टकरी माणूस आहे. परंतु डिजिटल हक्कांच्या संस्थांच्या नियामक मंडळांवर तो क्वचितच दिसतो. वकील, अभियंते आणि संशोधक यांचे काम मोलाचे आहे. पण ज्यांच्या नावाने ते चालते त्यांना निर्णयात स्थान नसेल, तर संस्था अनुदान देणाऱ्याच्या वार्षिक आराखड्यानुसार वाकत जाते.

दोष एकाच बाजूचा नाही. कामगार आणि शेतकरी संघटनांनीही हा विषय बराच काळ शहरी सुशिक्षितांचा मानून दूर ठेवला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी हा समज खोटा ठरवला. शासनाने दिलेले निकामी मोबाईल त्यांनी हजारोंच्या संख्येने परत केले आणि पोषण-नोंदीचे ॲप मराठीत हवे अशी मागणी केली. यंत्र कोणत्या भाषेत बोलणार, खर्च कोणी सोसायचा आणि नोंदीवर ताबा कोणाचा, हे सारे डिजिटल हक्कांचेच प्रश्न आहेत. ते कर्मचाऱ्यांनी रस्त्यावर आणले, आणि त्यासाठी कोणत्याही प्रतिष्ठानच्या अनुदानाची वाट पाहिली नाही.

म्हणून पुनर्रचनेची दिशा स्पष्ट आहे. अशा संस्थांचा पाया अल्प पण नियमित वर्गणी देणाऱ्या सभासदांवर असला पाहिजे. मक्तेदार कंपन्यांचा आणि परकीय सरकारांचा पैसा नाकारण्याचा नियम घटनेतच लिहिला गेला पाहिजे आणि जमाखर्च सभासदांपुढे दरवर्षी मांडला गेला पाहिजे. कार्यकारिणी निवडलेली असावी; तीत युनियन, किसान सभा, महिला आणि विद्यार्थी संघटना यांचे प्रतिनिधी असावेत. कोणत्याही विधेयकावर वाटाघाटी करण्यापूर्वी तडजोडीची मर्यादा सभासदांनी ठरवावी. ती दिल्लीतील कार्यालयाने परस्पर ठरवू नये. परकीय निधीवरील कायद्याचा धाक दाखवून विरोधी आवाज बंद करणाऱ्या सरकारलाही खरे उत्तर याच मार्गाने देता येईल, कारण जनतेच्या वर्गणीवर उभ्या असलेल्या संघटनेचा दोर बाहेरून कापता येत नाही.

हे काम सावकाशीचे आहे आणि अनुदानाचा अर्ज भरण्याइतके सोपे नाही. पण वॉशिंग्टनमधील एका आदेशाने ज्या संस्था हादरल्या त्यांनी १९९४ चा धडा आता तरी गिरवावा, आणि देशातील श्रमिक संघटनांनी हा लढा परका न मानता आपल्या मागणीपत्रकात समाविष्ट करावा. हक्कांचे रक्षण ज्यांना करावयाचे आहे, त्यांनी आपला पाया हक्क गमावणाऱ्यांमध्येच घातला पाहिजे.