म्हाताऱ्या कुत्रीची तहान

वाचकहो, या सदरात आपण एरवी माणसांच्या आजारांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे, तरी तो आपल्याला परका नाही. मुले पुण्या-मुंबईला असतात, घरात दोन वृद्ध माणसे असतात किंवा एकच असते, आणि ओसरीवर कुठून तरी आलेले एखादे म्हातारे कुत्रे विसावलेले असते. त्याचे पूर्वायुष्य कोणालाच ठाऊक नसते. वय नेमके किती, लस कधी टोचली होती का, याआधी कोणते दुखणे झाले, काहीच माहीत नसते. अशा मुक्या जिवाला काही होऊ लागले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘वय झालंय त्याचं.’ वय झाले हे निदान नव्हे. माझ्या वृद्ध रुग्णांच्या नातलगांना मी हेच सांगत आलो आहे, आणि कुत्र्याच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

कड्यातील माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घ्यायला एक मावशी येतात. त्यांनी सांभाळलेल्या कुत्रीचे तोंड पांढरे झालेले, दात झिजलेले. एके दिवशी स्वतःच्या गोळ्या घेऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, कुत्री पाणी लई पितीया. रातभर ओसरी ओली करती. पोरगा म्हणतो, सांजंनंतर पाणीच ठिवू नको.’

मी म्हणालो, ‘मावशी, बाकी काहीही करा, पाणी तेवढे काढू नका.’

याचे कारण आपणही समजून घ्यावे. अशा आजारांत बहुधा तहान आधी लागत नाही. शरीराला पाणी धरून ठेवता येत नाही म्हणून लघवी वाढते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी जनावर पाणी पिते. भांडे उचलले तर लघवी थांबत नाही, शरीर मात्र कोरडे पडत जाते. (रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणारे माझे अनेक वाचक आहेत, हे मी जाणून आहे. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरावर उपचार करण्याचे ज्ञान आणि अधिकार पशुवैद्यांचे. परंतु बोलू न शकणाऱ्या रुग्णाची हकीकत त्याला सांभाळणाऱ्यालाच सांगावी लागते. तान्ह्या मुलाचे तसेच, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचेही तसेच. म्हणून मावशींना मी एक वही करायला सांगितली.

त्या वहीत पहिली नोंद पाण्याची. सकाळी मापून पाणी ठेवायचे, दिवसभरात जितके घालू तितके लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजून वजा करायचे. मोरीतली बादली, हौद, गुरांचे टोपले यांवर तेवढे दिवस लक्ष ठेवावे, नाहीतर हिशेब चुकतो. वजनासाठी कोणी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि नंतर स्वतःचे वजन वजा करावे. निरोगी कुत्रे दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. उन्हाळ्यात किंवा कोरडे अन्न असेल तर थोडे अधिक. १०० मिलिलिटरच्या वर गेले तर तपासणी हवीच. मावशींची कुत्री १४ किलोची, म्हणजे तिची मर्यादा १४०० मिलिलिटर. दोन दिवस मोजले, दोन्ही दिवशी दोन लिटरांच्या वर भरले.

एवढी तहान कशाने लागते? म्हाताऱ्या कुत्र्यात मूत्रपिंडे थकलेली असू शकतात. मधुमेह असू शकतो. मग खाणे चांगले असूनही वजन उतरते आणि डोळ्यांत मोतीबिंदू झपाट्याने वाढतो. कुशिंग नावाच्या आजारात पोट सुटते, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होतात, धाप लागते आणि भूक अनावर होते. यकृताचे विकार आणि काही कर्करोगही याच वाटेने येतात. खाजेसाठी कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांनीही तहान वाढते, म्हणून दिलेले प्रत्येक औषध वहीत लिहावे. नसबंदी न झालेल्या मादीत मात्र एक कारण सर्वांच्या आधी पाहावे लागते, ते म्हणजे गर्भाशयात साठलेला पू. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हा त्रास उद्भवतो. स्राव बाहेर दिसतोच असे नाही. ही थांबण्याची गोष्ट नव्हे. विष अंगात भिनले की जनावर थोड्या काळात दगावते.

मावशींच्या वहीत पाण्याच्या आकड्यांखाली एक ओळ होती : ‘भादव्यात माजावर आली होती.’ अहिल्यानगरच्या पशुवैद्यांनी ती ओळ वाचली आणि रक्त-लघवीच्या तपासणीबरोबर सोनोग्राफीही त्याच दिवशी केली. गर्भाशय पुवाने भरलेले होते. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून मुलाने फोनवर विचारले, या वयाच्या कुत्रीवर इतके पैसे घालायचे का? मावशी म्हणाल्या, ‘वय तर माझंबी झालंय.’ मूत्रपिंडांचा अहवाल बरा होता, म्हणून शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले तेव्हा पाणी ८०० मिलिलिटरवर आले होते.

प्रत्येक घरी असेच होईल असे मी म्हणत नाही. आपल्या तालुक्यांतील पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी आहेत, पण सुरुवात तेथूनच करावी. त्यापुढे परभणी, उदगीर, शिरवळ आणि मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पैसा मोजका असेल तर पशुवैद्यांना तसे संकोच न करता सांगावे. सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी स्वस्त असते आणि तिच्यावरून पुढची दिशा पुष्कळदा कळते. माणसांच्या प्रयोगशाळेतून अहवाल आणलात तर तो स्वतः वाचू नका. कुत्र्याचे सामान्य आकडे आपल्यापेक्षा वेगळे असतात. उशिराचे मोल श्रीमंतीनेही चुकवता येत नाही. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते, तोवर वेळ टळून गेली होती. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, त्यामागे हाही अनुभव होता.

आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी त्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात.

आता थोडे आपल्याविषयी. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण लेप्टोस्पायरोसिस त्यातून माणसाला होऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘पाणी पितंय म्हणजे पिसाळलेलं नाही’ हा समज चुकीचा आहे. पाण्याची भीती हे माणसातील रेबीजचे लक्षण. पिसाळलेले कुत्रे पाणी पिताना दिसू शकते. स्वभाव एकाएकी बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली तर हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालय गाठावे. आणि कुत्रे घरात घेतले त्याच आठवड्यात पशुवैद्यांना विचारून त्याला रेबीजची लस द्यावी.

मधुमेह निघाला तर बहुतेक कुत्र्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागते, तेही ठरलेल्या वेळी आणि जन्मभर. ‘हो’ म्हणण्यापूर्वी घरात बसून ठरवा : सकाळ-संध्याकाळ सुई कोण देणार, आपले हात कापत असतील तर शेजारचे कोण येणार, आणि आपण स्वतः रुग्णालयात दाखल झालो तर ते काम कोणाकडे जाईल. ही नावेही त्याच वहीत लिहून ठेवा.